घरात बंदूक असली की हिंसक गुन्ह्यांपासून जास्त संरक्षण मिळतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात उत्तर काय?

सरासरी घरासाठी उत्तर 'नाही' असं आहे. बंदुकीमुळे काही माणसं खरोखर वाचतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिचा फायदा बहुधा आयुष्यात कधीच न येणाऱ्या दोन-चार मिनिटांपुरता असतो, आणि धोका ती घरात आहे तोवर चोवीस तास. भांडण, दारू, नैराश्य, पोरांची उत्सुकता या गोष्टी दरोडेखोरापेक्षा कितीतरी जास्त वेळा घरात येतात, म्हणून हिशेब उलटा बसतो.

सरासरी म्हटली की सगळी घरं एका मापाने मोजली जातात, हेही ध्यानात ठेवा. एकटा राहणारा, न पिणारा, बंदूक तिजोरीत ठेवणारा माणूस आणि तीन मुलं व तापट नवरा असलेलं घर यांचा धोका सारखा नाही.

सगळे आकडे अमेरिकेचेच का?

बंदुकाच तिथे आहेत म्हणून. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७ सालच्या अंदाजानुसार जगभरच्या सामान्य नागरिकांकडे सुमारे ८५ कोटी ७० लाख बंदुका होत्या आणि त्यांतल्या ३९ कोटी ३० लाख एकट्या अमेरिकेत, म्हणजे दर १०० माणसांमागे १२०. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांनी आपल्याकडे बंदूक असल्याचं सांगितलं आणि त्यांतल्या ७२ टक्क्यांनी संरक्षण हे मोठं कारण दिलं.

तरीही अभ्यास हवा तेवढा झालेला नाही. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने 'डिकी दुरुस्ती' करून आरोग्य खात्याच्या सीडीसी या संस्थेला बंदूक नियंत्रणाचा पुरस्कार करायला पैसे वापरण्याची मनाई केली, आणि त्याच सुमारास तिच्या अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलरही कापले. संशोधनावर थेट बंदी नव्हती, पण इशारा ज्याला समजायचा त्याला समजला. २०२० च्या अंदाजपत्रकात २.५ कोटी डॉलर मंजूर होईपर्यंत सरकारी पैशातून या विषयावर फारसं काही झालं नाही.

अमेरिकेत वर्षाला २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात, हे खरं का?

हा आकडा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातला. १९९३ मध्ये त्यांनी सुमारे ५,००० प्रौढांना फोनवर विचारलं की गेल्या वर्षभरात तुम्ही बचावासाठी बंदूक वापरली का. एक टक्का किंवा थोडे जास्त लोक 'हो' म्हणाले. ते प्रमाण देशभरच्या प्रौढांना लावलं की लाखांचा आकडा तयार होतो.

गोम इथेच आहे. ५,००० पैकी ५० जण 'हो' म्हणाले असं धरा. देशातले प्रौढ तेव्हा सुमारे १९ कोटी, म्हणजे नमुन्यातला एकेक होकार देशभरच्या जवळपास ३८,००० घटनांच्या बरोबरीचा. कोणी तीन वर्षांपूर्वीचा प्रसंग 'गेल्या वर्षीचा' म्हणून सांगितला, कोणी अंगणातल्या खुडबुडीला चोर ठरवलं, कोणी फुशारकी मारली; असे २५ जण वगळले की उत्तर निम्मं होतं. उलट बाजूची चूक फारशी होऊच शकत नाही, कारण 'हो' म्हणायला हवं होतं पण 'नाही' म्हणाले असे लोक मुळातच मोजके. दुर्मीळ गोष्ट छोट्या नमुन्यातून मोजली की आकडा फुगतोच. डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ मध्ये हीच हरकत घेतली होती.

सरकारची गुन्हेपीडित पाहणी, म्हणजे एनसीव्हीएस, वर्षाला साधारण ६० हजार ते १ लाख असा आकडा देते. तिचा दोष उलटा आहे. आपण गुन्ह्याला बळी पडलो असं आधी सांगणाऱ्यालाच पुढचा प्रश्न विचारला जातो, आणि सरकारी माणसासमोर बंदूक रोखल्याचं कबूल करायला काहीजण कचरतात. खरा आकडा दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असणार. आमच्या मते तो खालच्या टोकाच्या बराच जवळ आहे.

आणखी एक गोष्ट या वादात सहसा कोणी काढत नाही. लोकांनी सांगितलेल्या अशा 'बचावांची' वर्णनं एका अभ्यासात पाच फौजदारी न्यायाधीशांना वाचायला दिली होती. माणूस खरं बोलतोय आणि त्याच्याकडे परवाना आहे असं गृहीत धरूनही निम्म्याहून जास्त प्रसंग त्यांना बहुधा बेकायदा वाटले. वादात शेजाऱ्यावर बंदूक रोखणाऱ्यालाही आपण स्वतःचा बचावच केला असं वाटत असतं.

प्रत्यक्ष हल्ला झाल्यावर बंदूक कामी येते का?

हेमेनवे आणि सारा सोलनिक यांनी २००७ ते २०११ या काळातल्या एनसीव्हीएसच्या नोंदी तपासल्या. गुन्हेगार आणि पीडित समोरासमोर आले अशा सुमारे १४,००० घटनांत पीडिताने बंदूक वापरल्याच्या १२७, म्हणजे ०.९ टक्के. बंदूक वापरल्यानंतर जखमी झालेले ४.१ टक्के. पळणं, ओरडणं, मदत बोलावणं, झटापट असे सगळे उपाय एकत्र धरले तर ४.२ टक्के. इजा टाळण्यात फरक नाही म्हटलं तरी चालेल. मालमत्ता वाचण्याच्या बाबतीत हाती शस्त्र असल्याचा थोडा उपयोग दिसतो, पण तोही बंदुकीपुरता मर्यादित नाही.

रात्री घरात चोर शिरला तर?

बंदूक घेण्याचं सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण हेच. अमेरिकी न्याय खात्याच्या आकडेवारीनुसार २००३ ते २००७ दरम्यान वर्षाला सरासरी ३७ लाख घरफोड्या झाल्या. त्यांतल्या सुमारे २८ टक्के वेळा घरात कोणीतरी होतं आणि एकूण घरफोड्यांपैकी ७ टक्क्यांत घरातल्या कोणावर तरी हिंसा झाली. हिंसा झालेल्या घरफोड्यांपैकी ६५ टक्क्यांत हल्लेखोर ओळखीचा निघाला. म्हणजे माजी नवरा, माजी मित्र, नातेवाईक, शेजारी. मध्यरात्रीचा अनोळखी सशस्त्र माणूस असतो, पण ज्या चित्रासाठी बंदूक घेतली जाते ते घरफोड्यांतलं सगळ्यात विरळ चित्र आहे.

घरोघरी बंदुका आहेत म्हटल्यावर गुन्हेगार वचकून राहत नाहीत का?

काही वचकतात. जेम्स राइट आणि पीटर रॉसी यांनी १९८० च्या दशकात दहा राज्यांतल्या तुरुंगांत १,८०० हून अधिक कैद्यांना विचारलं. साधारण एक तृतीयांश कैद्यांना कधी ना कधी सशस्त्र पीडिताने पळवून लावलं, जखमी केलं किंवा पकडलं होतं. समोरच्याकडे बंदूक असेल या भीतीने एखादा बेत सोडल्याचं सुमारे ४० टक्क्यांनी सांगितलं. बंदुकीच्या बाजूचा हा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

पण बेत सोडला म्हणजे धंदा सोडला असं होत नाही. चोर दुसरं घर बघतो किंवा स्वतः बंदूक बाळगायला लागतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ गावाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथे १९८२ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक ठेवावी असा ठराव झाला. तो कधी कडकपणे लागू केला गेला नाही, आणि नंतर घरफोड्यांच्या नोंदी नीट तपासल्या तेव्हा ठरावामुळे त्या घटल्याचं सिद्ध झालं नाही. फिलिप कुक आणि जेन्स लुडविग यांनी भागवार तुलना केली, तर जिथे बंदुका जास्त तिथे घरफोड्या कमी आढळल्या नाहीत.

कारण उघड आहे. बंदूक हा चोरीचा उत्तम माल आहे: लहान, महाग, लगेच विकला जाणारा. २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत अमेरिकेत खासगी व्यक्तींकडून १० लाखांहून अधिक बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे. गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेली बंदूक चोराला सगळ्यात सोपी. दारावर 'या घरात बंदूक आहे' अशी पाटी लावणारा माणूस घरात कोणी नसताना काय मिळेल त्याची जाहिरात करत असतो.

'घरातली बंदूक घरच्याच माणसाला मारण्याची शक्यता ४३ पट' असं म्हणतात. हे बरोबर आहे?

आकडा खरा, पण तो वापरतात चुकीचा. आर्थर केलरमन आणि डोनाल्ड रे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटी या जिल्ह्यातले मृत्यू मोजले. घरातल्या बंदुकीने स्वसंरक्षणात झालेल्या प्रत्येक मृत्यूमागे १.३ अपघाती मृत्यू, ४.६ खून आणि ३७ आत्महत्या निघाल्या. बेरीज ४३. यात मोठा वाटा आत्महत्यांचा. शिवाय बंदूक दाखवूनच चोर पळाला, असे प्रसंग यात मोजलेच नाहीत. मेलेल्या चोरांची संख्या हे बचावाचं माप नव्हे. हा आकडा वादात फेकू नये.

केलरमन यांचा १९९३ चा अभ्यास जास्त कामाचा आहे. तीन काउंटींमध्ये स्वतःच्या घरात खून झालेल्यांची त्याच परिसरातल्या, साधारण त्याच वयाच्या लोकांशी तुलना केली. भाड्याचं घर, एकटं राहणं, अमली पदार्थ, आधीची मारहाण हे सगळं हिशेबात धरल्यावरही बंदूक असलेल्या घरात खुनाची शक्यता २.७ पट आली, आणि ती वाढ मुख्यतः कुटुंबातल्या किंवा जवळच्या माणसाच्या हातून होणाऱ्या खुनांची होती.

पण धोक्यात असलेली माणसंच बंदूक घेतात. मग दोष बंदुकीचा कसा?

हरकत रास्त आहे, आणि केलरमन यांच्या पद्धतीत तिला पुरतं उत्तर नव्हतं. म्हणून कॅलिफोर्नियातलं काम महत्त्वाचं ठरतं. डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी पिस्तूल खरेदीच्या सरकारी नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी जुळवून, स्वतःकडे पिस्तूल नसलेल्या १ कोटी ७६ लाख प्रौढांचा २००४ ते २०१६ दरम्यान मागोवा घेतला. बंदूक घ्यायचा निर्णय ज्याने केला त्याची नव्हे, तर त्याच्यासोबत राहणाऱ्याची इथे मोजदाद आहे.

पिस्तूलधारकासोबत राहणाऱ्यांत खून होण्याचं प्रमाण २.३३ पट निघालं. घरातच जोडीदाराने गोळी घालून मारण्याचं प्रमाण सात पट, आणि असे बळी गेलेल्यांत ८४ टक्के बायका. एकूण धोका मात्र लहान आहे, आणि तो लहानच आहे असं लेखकांनीही लिहिलंय. बंदूक असलेल्या बहुतेक घरांत आयुष्यभर काहीच घडत नाही.

मग बाईने स्वसंरक्षणासाठी ठेवावी का?

धोका घरातल्याच माणसाकडून असेल तर बंदूक आणू नये. जॅकलिन कॅम्पबेल यांच्या २००३ च्या अभ्यासात मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक लागण्यासारखी असेल तर बाईचा खून होण्याची शक्यता पाच पटींहून अधिक दिसली. एका छताखाली असलेली बंदूक कोणाच्या नावावर आहे याला भांडणाच्या वेळी अर्थ उरत नाही. जास्त ताकदवान आणि आधी चिडलेला माणूस ती उचलतो. अशा वेळी त्याच्याकडची बंदूक न्यायालयाच्या संरक्षण आदेशाने जप्त करून घेणं हा अधिक परिणामकारक मार्ग आहे.

आत्महत्या हा गुन्हा नव्हे. ती या हिशेबात का?

कारण मृत्यू त्याच वस्तूने, त्याच घरात होतो. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. असा झटका अनेकदा काही मिनिटांचा किंवा तासांचा असतो, आणि त्यातून वाचलेली बहुतेक माणसं पुढे आत्महत्या करत नाहीत. बंदूक ही दुसरी संधी देत नाही, एवढाच फरक. इस्रायली सैन्याने २००६ पासून सैनिकांना सुट्टीवर घरी जाताना रायफल तळावरच ठेवायला लावली आणि सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या.

घरातलं कोणी खचलेलं असेल, नुकताच घटस्फोट, कर्ज किंवा मोठं आजारपण झालं असेल, तर बंदूक काही महिने घराबाहेर हलवा. नातेवाईक, परवानाधारक विक्रेता, पोलीस ठाणं, जिथे कायद्याने चालेल तिथे. आणि त्या माणसाला 'मरावंसं वाटतंय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे.

मुलांना नीट समजावून सांगितलं तर पुरे ना?

नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत १५ मिनिटं सोडलं आणि पलीकडून एकतर्फी काचेतून पाहिलं. एका ड्रॉवरमध्ये पाण्याच्या पिचकाऱ्या होत्या, दुसऱ्यात खरं .३८० पिस्तूल. त्यात गोळी नव्हती. चाप गोळी सुटण्याइतका दाबला गेला की दिवा लागेल अशी सोय आत केली होती. २१ गटांना पिस्तूल सापडलं, १६ गटांनी ते हाताळलं, १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या वा चाप ओढणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना बंदुकीबद्दल आधी शिकवलेलं होतं.

लपवून ठेवण्याचंही तेच. अलाबामातल्या एका पाहणीत 'आमच्या मुलांना बंदूक कुठे आहे ते ठाऊक नाही' म्हणणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांच्या मुलांनी जागा बरोबर सांगितली. 'कधी हात लावला नाही' म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या मुलांनी हात लावलेला होता.

बंदूक नसती तर चाकूने मारलं असतं, नाही का?

हल्ला कदाचित झाला असता, मृत्यू कमी झाले असते. फ्रँकलिन झिमरिंग यांनी १९६० च्या दशकात शिकागोतले हल्ले तपासले, तेव्हा बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा सुमारे पाच पट जास्त वेळा जीवघेणा ठरला होता. अँथनी ब्रागा आणि फिलिप कुक यांचं २०१८ चं बॉस्टनमधलं काम त्याच्याही पुढे जातं: मध्यम आणि मोठ्या कॅलिबरच्या जागी सगळ्या बंदुका लहान कॅलिबरच्या असत्या तर खून जवळपास ४० टक्के कमी झाले असते. मारणाऱ्यांचा हेतू तोच, शहर तेच, नुसती गोळीची जाडी वेगळी. 'मारायचंच असेल तर माणूस कशानेही मारतो' हे म्हणणं इथे टिकत नाही.

सोबत बंदूक बाळगायचे परवाने सहज दिले तर गुन्हे घटतात का?

जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांनी १९९७ मध्ये घटतात असा निष्कर्ष काढला आणि तो बराच गाजला. २००४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने तोच डेटा पुन्हा चाळला. गणिताचं प्रारूप जरा बदललं की निकाल बदलतो, म्हणून ठाम काही सांगता येत नाही असं समितीच्या बहुमताने ठरवलं. जॉन डोनोह्यू यांच्या २०१९ च्या अभ्यासात असे कायदे आणणाऱ्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा १३ ते १५ टक्के जास्त आढळले. रँड ही संस्था या विषयावरचे सगळे अभ्यास वेळोवेळी चाळते. तिचा कौलही आता 'खून वाढतात' याकडे झुकला आहे.

सामूहिक गोळीबारात सशस्त्र नागरिक असला तर?

कधी कधी तो थांबवतो. एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या १६० घटना पाहिल्या: पोलीस नसलेल्या सशस्त्र माणसांनी गोळीबार करून थांबवलेल्या ५, निःशस्त्र लोकांनी झडप घालून थांबवलेल्या २१.

स्वित्झर्लंडमध्ये बंदुका आहेत, तरी खून कमी. ते कसं?

तिथे दर १०० माणसांमागे सुमारे २८ बंदुका, अमेरिकेच्या पावपटही नाहीत. त्यांतल्या बऱ्याच सैन्यसेवेच्या, पिस्तुलाला खरेदी-परवाना लागतो, सोबत बाळगायची परवानगी क्वचितच मिळते आणि सैनिकांना घरी ठेवायला दिली जाणारी काडतुसं २००७ पासून जवळपास बंद केली आहेत. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया: पोर्ट आर्थरमध्ये एप्रिल १९९६ मध्ये ३५ माणसं मारली गेल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या आणि स्वसंरक्षण हे परवान्याचं कारण मानणं बंद केलं. नंतर बंदुकीचे मृत्यू घटले. ते आधीपासूनच घटत होते, त्यामुळे कायद्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे. पण निःशस्त्र झाल्यामुळे ऑस्ट्रेलियन लोक गुन्हेगारांच्या तावडीत सापडले, असं काही झालं नाही.

चांगलं प्रशिक्षण घेतलं तर चित्र बदलेल ना?

अपघात कमी होतील. नेम मात्र वाटतो तितका सुधारणार नाही. न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबारांचा रँडने २००८ मध्ये आढावा घेतला: समोरून गोळ्या येत असताना नेम लागण्याचं प्रमाण १८ टक्के, येत नसताना ३० टक्के. ही पगार घेऊन सराव करणारी माणसं. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच, आणि पिस्तुलाची गोळी घरातल्या प्लायवूड किंवा जिप्समच्या दोन-तीन भिंती सहज भेदून मुलांच्या खोलीत पोचते.

वेळेचंही गणित आहे. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की धावत येणारा माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. कमरेचं पिस्तूल काढून नेम धरायला सरावलेल्या हातालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. झोपेतून उठून, तिजोरी उघडून, अंधारात कोण आहे ते ओळखून हे करायला किती लागेल, ते समजायला गणित नको.

तरीही ठेवायचीच ठरली, तर काय पाळावं?

डेव्हिड ग्रॉसमन यांच्या २००५ च्या अभ्यासात चार सवयींचा मुलं आणि किशोरांच्या अपघात-आत्महत्यांशी संबंध तपासला: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी. चारही उपयोगी ठरल्या. धोका ५५ ते ७३ टक्के कमी. उशीखाली भरलेलं पिस्तूल हवं असेल तर हे सगळं सोडावं लागतं, आणि खरा पेच तोच आहे: झटकन हाती येणारी बंदूक घरातल्या सगळ्यांच्याच झटकन हाती येते.

तिजोरी भिंतीत किंवा फरशीत बोल्टने पक्की करा, नाहीतर चोर ती उचलूनच नेतो. बोटाच्या ठशाचं कुलूप ओल्या किंवा मळक्या बोटाला अनेकदा दाद देत नाही आणि बॅटरी उतरली की बंद पडतं. बॅटरी ठरावीक महिन्यांनी बदला. आकड्यांचा कोड जन्मतारखेचा नको, पोरं तोच आधी दाबून पाहतात.

पिस्तूल रिकामं करताना क्रम चुकवू नका. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन (गोळ्यांचा खोका) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमधली (नळीच्या मागच्या खोबणीतली) गोळी बाहेर पाडायची, स्लाइड मागेच अडकवून आत डोळ्यांनी पाहायचं आणि बोटाने चाचपायचं. आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं तर पुढे सरकणारी स्लाइड पुढची गोळी चेंबरमध्ये ढकलते. मॅगझिन हातात दिसतं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि पिस्तूल भरलेलं असतं. 'रिकामी होती हो' असं सांगितलं जाणारे कित्येक अपघात इथेच घडतात.

बंदुकीऐवजी काय करावं?

आधी दार. कुलूप कितीही भारी असलं तरी चौकटीवरची, कुलपाचा दांडा अडकतो ती पट्टी आखूड स्क्रूंवर असेल तर दोन लाथांत चौकट फाटते. ते स्क्रू काढून तीन इंची, भिंतीतल्या लाकडापर्यंत पोचणारे लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. खिडक्यांना कुलूप, बाहेर हालचालीने लागणारा दिवा, घरात कोणी नसताना आपोआप लागणारा दिवा, मुख्य दाराला डेडबोल्ट: ब्रिटनमधल्या गुन्हेपाहणीत हे चार एकत्र असले तर मोठा फरक दिसला. नुसत्या अलार्मवर भिस्त नको.

आणि आत एक खोली ठरवून ठेवा: भरीव दार, आतून कडी, चार्ज केलेला फोन. आवाज आला की सगळ्यांनी तिथे जायचं, कडी लावायची, पोलिसांना फोन करायचा आणि 'पोलिसांना कळवलंय' असं मोठ्याने ओरडायचं. माल न्यायला आलेला चोर हे ऐकून बहुधा निघून जातो. टीव्ही गेला तर जाऊ द्या.